दोन भावंडं, एकच खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फ्लॅटमध्ये मुलांसाठी एक खोली निघाली तरी नशीब म्हणायचं. मी लोकांच्या घरांच्या आतल्या मांडणीची आणि फर्निचरची कामं करते. दोन मुलांना दोन खोल्या देऊ शकणारी गिऱ्हाइकं मला आजवर मोजकीच भेटली. बाकी सगळ्यांचे प्रश्न त्याच त्या दहा बाय दहाभोवती फिरतात. ते फोनवर येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कधी लिफ्टमध्ये गाठूनही विचारले जातात. परत परत येणारे इथे एकत्र केलेत. मुलं बारा वर्षांच्या आतली आहेत असं धरलंय. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं, म्हणून प्रश्नांना आकडे दिलेत.

१. आमची मुलांची खोली १० बाय ९ ची आहे. दोघांना पुरेल का?

पुरते, पण आधी वजाबाकी करा. जमीन ९० चौरस फूट. त्यातून ६ बाय ३ चे दोन बेड म्हणजे ३६ गेले. पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट म्हणजे १०. चार फुटी टेबलाचे ८. दार उघडायला सहाएक. उरले ३०, आणि तेही सलग नाहीत, इकडेतिकडे बोळकांडीसारखे पसरलेले. मुलांना पत्त्यांचा डाव मांडायलाही पलंगावर चढावं लागतं. बेड एकावर एक गेले की तीसचे अठ्ठेचाळीस होतात. म्हणून सगळे बंक बेडकडे धावतात. त्याबद्दल प्रश्न ३ आणि ४.

माप स्वतः घ्या, ब्रोशरवर जाऊ नका. रेराच्या २०१६ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही मोजलेली असते. तुमच्या टेपला ती लागत नाही. शिवाय कोपऱ्यात बाहेर आलेला कॉलम आणि स्कर्टिंग प्रत्येकी थोडं थोडं खातात. सहा फुटांचा बेड सहा फुटांच्या जागेत अडकतो तो या अर्ध्या इंचापायी.

माझी एक पद्धत सांगते. जुनी वर्तमानपत्रं बेडच्या आणि कपाटाच्या मापाची जोडून जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. रात्री पाणी प्यायला उठल्यावर ज्या कागदावर पाय पडतो, तिथे फर्निचर नको.

२. सुरुवात कशापासून करायची? रंग, बेड की कपाट?

झोपायच्या जागेपासून. बेड कुठे हे ठरलं की पंख्याचा आणि दिव्यांचा पॉइंट ठरतो, मग कपाट, मग टेबल. रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. मुलीला आवडला म्हणून गुलाबी वॉलपेपर आधी लागतो, आणि महिन्याभराने वायर ओढायला तीच भिंत फोडावी लागते.

३. बंक बेड घ्यावा का? मूल किती वर्षांचं झाल्यावर वर झोपवायचं?

सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत वर झोपवू नका. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा नियमांत हीच मर्यादा आहे आणि मी ती पाळते. ‘आमचा साडेचारचा आहे पण फार समजूतदार आहे’ हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. जागेपणी असेलही. झोपेत कोणीच समजूतदार नसतं.

कठडा दोन्ही बाजूंना हवा, भिंतीच्या बाजूलाही, कारण बेड आणि भिंत यांच्या फटीत मूल अडकू शकतं. कठड्याची वरची कड गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच वर हवी. इथेच घोळ होतो. सुतार कठडा बरोबर करतो, मग घरचे आठ इंची जाड गादी आणून टाकतात आणि कठडा गादीच्या बरोबरीला येतो. वरच्या बेडला चार इंची गादी बास. कठड्याच्या पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी असावी.

शिडी गोल पाइपची नको. सपाट, चार इंच तरी रुंद पायऱ्यांची करा, कारण रात्री अडीच वाजता अनवाणी उतरायचं असतं. खालच्या मुलाला ताठ बसता यावं म्हणून खालची गादी आणि वरची फळी यांत तीन फूट सोडा. आणि वरच्या कठड्याला ओढणी, दोरी, उडी मारायची दोरी काहीही बांधू देऊ नका. ‘झोका करतोय’ म्हणाले तरी नाही. गळ्याभोवती फास बसायला क्षण पुरतो.

४. बंक बेडवर पंखा डोक्याला लागेल का?

हा प्रश्न फार कमी लोक आधी विचारतात. बहुतेक जण बेड आल्यावर विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दहा बाय दहाच्या खोलीत पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. नेहमीचा पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फूट. पाच वजा दोन, तीन. बेडची रुंदी किती? तीन फूट. म्हणजे पात्याचं टोक वरच्या बेडच्या अगदी कडेवर फिरतंय.

आता उंची. छत साडेनऊ फुटांवर, रॉड धरून पातं साधारण सव्वाआठ फुटांवर. वरच्या गादीचा पृष्ठभाग पाच फुटांवर. आठ वर्षांचं मूल चार फुटांचं असतं. ते गादीवर उभं राहिलं की डोकं नऊ फुटांवर, पात्याच्याही वर. नुसतं बसून आळस दिला तरी हात पात्यापर्यंत जातो.

हे गणित मला माझ्या स्वतःच्या घरानेच शिकवलं. मोठ्याने वरून उशीचा अभ्रा भिरकावला, पंख्याने तो गुंडाळून घेतला, आणि खटाखट आवाज करत पंखा असा डुलायला लागला की धाकटा बेडखाली जाऊन बसला. कोणाला लागलं नाही. रॉड मात्र वाकला आणि एप्रिलचे तीन दिवस आम्ही टेबलफॅनवर काढले. इतरांची घरं मांडून देणाऱ्या बाईच्या घरात हे झालं, याची आठवण सासूबाई अजून करून देतात.

उपाय आहेत. पंखा काढून बेडपासून लांबच्या दोन भिंतींवर भिंतीचे पंखे लावा, एक वरच्यासाठी, एक खालच्यासाठी. खालच्या बेडवर छताच्या पंख्याचा वारा तसाही पोचत नाही. किंवा २४ इंची छोटा पंखा बेडच्या विरुद्ध बाजूला सरकवून घ्या. पण हुक स्लॅबमध्येच पक्का बसवायचा. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला पंखा टांगू नका, ते वजन आणि थरथर त्याला झेपत नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत छत अकरा-बारा फुटांवर असतं, तिथे ही अडचण कमी. नव्या टॉवरमध्ये फॉल्स सीलिंग केलं असेल तर माप परत घ्या.

५. धाकटा चार वर्षांचा आहे, बंक नको वाटतो. मग काय करू?

मोठ्याच्या बेडखालून ओढून काढायचा बेड करा. दिवसा आत, रात्री बाहेर. दोन अटी: बेडच्या पुढची तीन फूट जमीन रोज रात्री मोकळी हवी, आणि चाकं ब्रेकवाली हवीत. खालची गादीही चारच इंची ठेवा, नाहीतर चादर घातल्यावर ती आत जात नाही आणि बेड कायमचा बाहेर राहतो.

आणि सांगायला संकोच वाटतो, कारण यात माझं काम जातं: पाच-सहा वर्षांपर्यंत जमिनीवर कापसाची गादी घालणं ही काही गैरसोय नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पलंग एक, बाकीच्यांच्या गाद्या रात्री पसरायच्या आणि सकाळी घडी करून पलंगावर रचायच्या. त्या घरांत दिवसा जेवढी जमीन मोकळी असे, तेवढी आज पाचशे फुटांच्या घरात नसते. फक्त पावसाळ्यात गादी फरशीवर पडून राहू देऊ नका. खालून ओल धरते. रोज उचला, ऊन पडलं की गॅलरीत टाका.

६. ताई, बाळ पाच महिन्यांचं आहे आणि मोठी पाच वर्षांची. दोघांना एकत्र कधीपासून झोपवू?

घाई करू नका. पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या सपाट, घट्ट गादीवर झोपावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाठीवर, उशी नाही, जाड पांघरूण नाही, कापडी खेळणी नाहीत. आजी मोहरीची उशी घेऊन येतील. प्रेमाने घ्या आणि कपाटात ठेवा.

एका बेडवर ताईशेजारी बाळाला झोपवणं अजिबात नको, ताई कितीही माया करत असली तरी. खोलीत हलवायचं ते बाळ रात्री फारसं उठेनासं झालं की, आणि त्याचा कठडेवाला पाळणा वेगळा ठेवून. त्या कठड्याच्या दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. भावंडांचा किंवा शेजाऱ्यांचा जुना पाळणा घेत असाल तर हे टेप लावूनच बघा. मूल कठड्यावर पाय टाकायला लागलं की पाळण्याचे दिवस संपले, कमी उंचीच्या बेडवर आणा.

७. सारखी भांडणं होतात. खोली अर्धी-अर्धी वाटून द्यावी का?

परळच्या एका घरात दोघी बहिणींनी स्वतःच वाटणी केली होती. फरशीवर मधोमध खाकी चिकटपट्टी. एकीच्या वाट्याला खिडकी आली, दुसरीच्या वाट्याला पंख्याचा रेग्युलेटर. दोन दिवसांत तह झाला, कारण उकाड्यात खिडकीवालीला रेग्युलेटरवालीची मनधरणी करावी लागली.

जमीन वाटू नका. तिला दोघांची राहू द्या आणि होईल तेवढी मोकळी ठेवा. त्याऐवजी प्रत्येकाला तीन गोष्टी पूर्ण स्वतःच्या द्या. उशाशी एक दिवा, ज्याचं बटण पडल्या पडल्या हाताला लागेल. किल्लीचा एक खण, ज्यात आईसुद्धा न विचारता हात घालणार नाही. आणि दोन बाय तीन फुटांचा एक सॉफ्टबोर्ड, ज्यावर काय लावायचं ते त्याने ठरवायचं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं ‘माझं’ म्हणायला काही नसल्याने होतात, जागा कमी असल्याने नाही.

खण सारख्या मापाचे करा. अर्ध्या इंचाचा फरकही मुलं पट्टीने मोजून काढतात.

८. मधे पार्टिशन घातलं तर?

खोलीला खिडकी एक असते. पार्टिशन छतापर्यंत गेलं की एका मुलाला उजेड-वारा आणि दुसऱ्याला कोंदट खोपटं. एसीचा झोतही एकाच बाजूला राहतो. आडोसा हवाच असेल तर छताला पडद्याचा ट्रॅक लावा. दिवसा पडदा बाजूला सारता येतो. किंवा चार फुटांपर्यंतचं, मागून-पुढून उघडं पुस्तकांचं शेल्फ ठेवा. ते जमिनीला किंवा भिंतीला पक्कं करायचं, कसं ते प्रश्न १४ मध्ये.

९. मुलगा आणि मुलगी आहेत. किती वयापर्यंत एक खोली चालेल?

आपल्याकडे याला कायद्याचं बंधन नाही. नऊ-दहाच्या आसपास दोघांपैकी कोणीतरी दार लावून कपडे बदलायला लागतं, तीच खूण. तिची थट्टा करू नका. वेगळी खोली देणं जमत नसेल तर प्रश्न ८ मधला पडद्याचा ट्रॅक, कपड्यांचे वेगळे खण, आणि कपडे बाथरूममध्ये बदलायचे हा दोघांनाही सारखा नियम. बाथरूममध्ये दारामागे कोरड्या बाजूला दोन खुंट्या लावून द्या, नाहीतर नियम चार दिवस टिकतो. पुढेमागे एकाला हॉलमध्ये दिवाणवर झोपायची पाळी येणार असेल, तर त्याचा किल्लीचा खण खोलीतच राहू द्या.

१०. दोघांच्या झोपायच्या वेळा वेगळ्या आहेत. दिवा कोणाचा?

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास लागतात, सहा ते बाराच्या मुलाला ९ ते १२. म्हणजे सकाळच्या शाळेसाठी दोघं सहाला उठत असतील तर धाकट्याने दुपारी झोप काढली तरी आठ-साडेआठला आडवं व्हायला हवं. मोठा तेव्हा वाचत असतो.

छताचा ट्यूबलाइट आठला बंद, हा नियम घरानेच करावा. मोठ्याला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर छोटा दिवा, झोत पुस्तकावर पडेल असा. बंक असेल तर वाचणाऱ्याला खाली झोपवा, म्हणजे वरची फळी उजेड अडवते. वरच्याचं वय प्रश्न ३ मध्ये बसतं ना ते बघून. हे कशातच बसत नसेल तर धाकट्याला आपल्या खोलीत झोपवून साडेनऊला उचलून न्या. बरीच घरं हेच करतात.

११. अभ्यासाचं टेबल एक करू की दोन?

एकच लांब फळी, भिंतीला लागून, पाच फूट. प्रत्येकाला अडीच. दोघांतलं एक डावखुरं असेल तर त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे कोपरं भिडत नाहीत. दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून.

उंची मात्र चुकते. सुतार सवयीने तीस इंच धरतो. ती मोठ्यांची उंची. सात वर्षांचं मूल तिथे खांदे उचलून लिहितं आणि पाय लोंबकळतात. फळी तीसवरच ठेवा, पुढे कामाला येईल, पण खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट द्या. आजीच्या घरून आलेला जेवणाचा जुना पाट चालतो. सहाच्या आतल्या मुलाला टेबल नकोच. ते तसंही स्वयंपाकघरात ओट्यापाशीच वही घेऊन बसतं.

१२. सुतार बरा की तयार फर्निचर? आणि कपाट कसं असावं?

खोली चौकोनी असेल आणि घाई असेल तर तयार. ओशिवऱ्याला किंवा उल्हासनगरला एक रविवार फिरा, तुर्भ्याला आयकिया आहे. कोपऱ्यात कॉलम, वर बीम, खिडकीचा कट्टा असं वेडंवाकडं असेल तर सुतारच लागतो. सुतार चौरस फुटाचा दर सांगतो तो कपाटाच्या दर्शनी भागाचा असतो. त्यात आतलं लॅमिनेट, चॅनल, बिजागऱ्या धरल्यात का ते आधी लिहून घ्या. शेवटी वाद होतो तो यावरच.

मुलांच्या कपाटाला दोन फूट खोली लागत नाही. त्यांचे हँगर लहान असतात, दीड फूट पुरते, आणि तो अर्धा फूट जमिनीला परत मिळतो. हँगरचा दांडा साडेतीन फुटांवर घ्या, म्हणजे गणवेश मूल स्वतः काढतं. वरच्या अर्ध्या भागात तुमच्या रजया. दप्तरांसाठी दाराजवळ खुंट्या, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर.

बेडखाली हायड्रॉलिक पेटी करणार असाल तर मुलांच्या खोलीत मी तरी नाही म्हणते. झाकण जड असतं, पंप जुना झाला की धरत नाही, आणि लपंडावात मुलं आत शिरतात. त्याऐवजी ओढायचे खण करा.

एकसंध केलेला बेड लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो, हेही लक्षात असू द्या. एकदा आम्हाला नव्या कोऱ्या बेडचे दोन तुकडे तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात करावे लागलेत.

१३. पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी येते. कपड्यांना वास येतो. काय करावं?

आधी बघा कपाट कुठल्या भिंतीला आहे. बाहेरची भिंत, त्यातून पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची असेल, तर चार महिने पाऊस तिच्यावरच आपटतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. शक्य असेल तर कपाट आतल्या भिंतीला हलवा. नसेल तर भिंत आणि कपाट यांत दीड-दोन इंच वारा खेळू द्या आणि कपाट पायांवर उचला.

ओल खरोखर भिंतीतून येत असेल तर आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावा, फोड येऊन तो पुढच्या जुलैत गळणारच. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, बाहेरच्या प्लॅस्टरची भेग, वरच्या मजल्याचं बाथरूम, यांतलं काय आहे ते शोधून तिथे दुरुस्ती करावी लागते. सोसायटीला लेखी अर्ज उन्हाळ्यातच द्या. जूनमध्ये दिलात तर दिवाळीनंतर काम होईल.

पार्टिकल बोर्ड या भिंतीला नको. एकदा पाणी प्यायलं की पावासारखं फुगतं आणि बिजागरी सुटते. प्लायवर शिक्का बघा: आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो उत्तम, आयएस ३०३ असेल तर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारी, ग्रेड हवी. हा शिक्का लॅमिनेट चिकटवायच्या आधी, माल खाली उतरला तेव्हाच बघायचा. नंतर तो कुणालाच दिसत नाही.

आणि एक घरगुती कारण: जुलैत मुलांच्या खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालतात. त्यांतलं पाणी हवेत जातं आणि थेट कपाटामागे बसतं. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर दिवसातून तासभर चालवा. बेडची फळी सलग न करता पट्ट्यांची करा, गादी खालून श्वास घेते.

१४. कपाट भिंतीला ठोकायलाच हवं का? घर भाड्याचं आहे, मालक भोक पाडू देत नाहीत.

हवंच. मूल खण उघडून त्यांवर पाय देऊन वर चढतं, दोन-तीन खण एकदम उघडे असले की तोल पुढे जातो आणि कपाट अंगावर येतं. वरून दोन एल पट्ट्या पुरतात, पण प्लग भिंतीप्रमाणे निवडा. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये भिंत काँक्रीटची असते, तिला हॅमर ड्रिलच लागतं. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा प्लग काही दिवसांत सैल होतो, त्यासाठीचा लांब प्लग मागा. जुन्या विटांच्या भिंतीत प्लॅस्टर भुसभुशीत, म्हणून स्क्रू विटेपर्यंत पोचला पाहिजे. जिप्समच्या भिंतीत आतल्या पत्र्याच्या चौकटीलाच पकडायचं.

भाड्याचं घर असेल तर मालकांना कारण सांगून मेसेजवर परवानगी घ्या: ‘लहान मुलं आहेत, दोन भोकं पाडतोय, जाताना पुट्टी भरून देऊ.’ लेखी असलं की डिपॉझिटच्या वेळी वाद होत नाही. तरीही नाही म्हणाले तर उंच फर्निचर आणूच नका. मुलाच्या छातीपर्यंतचे, उंचीपेक्षा रुंद कप्पे घ्या आणि जड पुस्तकं सगळ्यात खाली. अकरा महिन्यांच्या करारावर तसंही उंच कपाट हलवणं त्रासाचंच असतं.

१५. बेड खिडकीशी लावला तर वारा छान येतो. चालेल का?

नाही. बेड ही मुलांची शिडी असते. ग्रिल असली तरी तिच्या आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून चढता येतं. उभ्या पट्ट्यांची ग्रिल बरी. अदृश्य ग्रिलच्या तारा दरवर्षी ताणून बघायच्या, सैल झाल्या तर लगेच कसून घ्यायच्या. ग्रिलचा एक भाग आगीच्या वेळी उघडता येईल असा ठेवा आणि त्याची किल्ली कुठे आहे ते घरातल्या मोठ्यांना माहीत हवं. ब्लाइंड लावणार असाल तर लोंबती दोरी नसलेले घ्या. साधे पडदे सगळ्यात बरे, मंगलदास मार्केटमध्ये कापड घ्या आणि गल्लीतल्या शिंप्याकडून शिवा.

१६. रंग कुठला? एकाला निळा हवा, दुसरीला जांभळा.

भिंती फिक्या, आवडीचे रंग चादरींवर आणि प्रश्न ७ मधल्या बोर्डांवर. आवड वर्षाला बदलते, चादर बदलणं सोपं. हात पोचतो तिथपर्यंत, चारेक फूट, धुता येणारा रंग लावा.

शिशाबद्दल विचारतात म्हणून: घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० पेक्षा, जास्त नसावं हा नियम २०१६ चा, आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असतो, वाचा. धोका जास्त असतो तो जुन्या रंगात. जुन्या इमारतीतल्या खिडक्या-दारांचा ऑइलपेंट कोरडा घासायला लावू नका, ओला करून खरवडायला सांगा, आणि त्या दिवसांत मुलांना मामाकडे पाठवा.

१७. प्लग पॉइंटची भीती वाटते.

शटरवाले सॉकेट आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की प्रवाह तोडणारा स्विच), ही दोन कामं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बेडच्या आत वायर ओढून एक्स्टेन्शन ठेवू नका.

१८. मुलं तीन आहेत. तीन मजली बंक करता येईल?

नऊ-साडेनऊ फुटांच्या छताखाली नको. प्रश्न ४ मधलं गणित तिसऱ्या मजल्यावर करून बघा. दोन मजली बंक आणि त्याखालून ओढून काढायचा तिसरा, हे जमतं. सगळ्यात लहान तिसऱ्यावर.

१९. मुलांच्या खोलीत आजीही झोपतात. त्यांची सोय कशी करू?

आजींचा बेड आधी ठरवा, मुलांचे नंतर. तो दाराजवळ हवा, उठून बसलं की पाय जमिनीला टेकतील अशा दीड फूट उंचीचा, उशाशी आधाराला काही घट्ट. ओढून काढायचा बेड करणार असाल तर तो रात्री आजींच्या बाथरूमच्या वाटेत येता कामा नये. प्रश्न १ मधले कागद इथे पुन्हा पसरा. पायाच्या उंचीवर एक मंद दिवा रात्रभर. मुलांची तक्रार असते की आजी घोरते. आजींची तक्रार असते की एसी. वरच्या बंकवाल्याला स्वतःचा भिंतीचा पंखा मिळाला की एसीचा आकडा वाढवता येतो. घोरण्यावर माझ्याकडे फर्निचर नाही.

२०. आमची सोसायटी दीड-दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. आता खर्च करावा का?

भिंतीत बसवलेलं काही करू नका. तुम्हाला आधी भाड्याच्या घरात आणि मग नव्या घरात, असं दोनदा हलायचंय, आणि दोन्ही खोल्यांची मापं आज हातात नाहीत. पण मुलं काही टॉवर उभा राहीपर्यंत लहान राहणार नाहीत, त्यामुळे सगळंच पुढे ढकलू नका. दिवे, खुंट्या, सॉफ्टबोर्ड, पाट हे सगळं सोबत नेता येतं. बेड नट-बोल्टचा घ्या. खिळे आणि फेव्हिकॉलने जोडलेला एकदा सोडवला की परत तसा उभा राहत नाही. सुट्या गाद्या ६ बाय ३ च्याच ठेवा, वेगळ्या मापाच्या गादीला पुढे चादर मिळत नाही. आणि बेड जोडून झाला की उरलेले बोल्ट आणि अ‍ॅलन की पिशवीत घालून फळीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने पक्की लावून टाका. ट्रक दारात उभा असतो तेव्हा ती किल्ली कोणालाच सापडत नाही.